सईच्या हॉकीला बघणारे हवेत

मंडळी, माफ करा. मॅच दुपारीच संपली, पण मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून लिहायला उशीर झाला.

माझी नात सई इथे सिडनीत युनिव्हर्सिटीच्या हॉकी टीमची गोलकीपर आहे. मॅच इंटरनेटवर लाइव्ह दाखवतात, पण बघणारे फार थोडे. ते वाढले नाहीत तर पुढच्या सीझनला दाखवणं बंद. गुडघ्यांमुळे मला ग्राउंडवर जाता येत नाही. मग मी तिला खेळताना बघणार कुठे? जीव नुसता टांगणीला लागलाय.

म्हणून आज टीव्ही, फोन आणि सूनबाईंचा टॅब, तिन्हींवर मॅच लावली. मुलगा हसला, "बाबा, एकटे किती प्रेक्षक होणार?"

"तू बस, म्हणजे अजून एक वाढेल."

बसला बिचारा.

पण खरं कौतुक कॉमेंट्री करणाऱ्या गोऱ्या मुलीचं. तीही तिथेच शिकते. एकच कॅमेरा, भन्नाट वारा, तरी सगळा देश बघतोय अशा थाटात बोलत होती. सईने पेनल्टी अडवली, तेव्हा आमचं लांबलचक आडनाव न अडखळता घेतलं!

घरी आल्यावर सई म्हणाली, "आजोबा, मॅचआधी ती प्रत्येकीला नाव विचारून पाठ करते."

"इतक्या थोड्या लोकांसाठी?"

"So what? बघणारे कोणाच्या तरी घरचेच असतात ना!"

मग मी लगेच हे लिहायला बसलो.

पुढची मॅच शनिवारी दुपारी आहे. लिंक खाली दिली आहे. कोण कोण बघणार? लगेच कळवा हो, नाहीतर मला झोप लागायची नाही.