पाठ केलेले प्रश्न

शैलाच्या सहावीच्या विज्ञानाची तोंडी परीक्षा होती आणि मी शाळेच्या व्हरांड्यात बसून होते... लेकीसाठी नव्हे, माहेरच्या तांब्यासाठी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यांची रेल्वेत नोकरी, भुसावळहून जयपूरला बदली झालेली. तिथल्या सोडाला भागात भाड्याने राहत होतो. मी मॅट्रिक. घर, देव आणि महिन्याचा हिशेब, एवढं माझं जग... आणि ते मला पुरत होतं.

आमच्याकडे दिवेलागणीचा परवचा कधी चुकला नाही. देवापुढे निरांजन, मग शुभंकरोति, रामरक्षा, पाढे आणि शेवटी शाळेतली प्रश्नोत्तरं. शैला सगळं घडाघडा म्हणायची. इथे येऊन धडे हिंदीत झाले, तरी तिचं पाठांतर काही अडलं नाही.

अडलं ते नव्या बहनजींपाशी. तिकडे शाळेतल्या बाईंना बहनजी म्हणत. या शर्मा बहनजी तरुण होत्या आणि त्यांची परीक्षा घेण्याची तऱ्हाच वेगळी. उत्तरं पुस्तकात आहेतच, मला मुलांचे प्रश्न ऐकायचेत, असं त्यांचं म्हणणं. निम्मे गुण त्यांनी प्रश्न विचारण्यालाच ठेवले होते.

सहामाहीत शैला तोंडीला नुसती उभी राहिली आणि विज्ञानात नापास झाली. वार्षिकातही तसंच झालं असतं तर सहावीत पुन्हा बसावं लागणार होतं.

मी शाळेत जाऊन भेटले. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, "बहनजी, मेरी लडकी को सब मुखपाठ है."

"वही तो दिक्कत है, माताजी," त्या हसून म्हणाल्या. "आजकल के बच्चे रेडियो सुनते हैं, टीवी देखते हैं. रटने से इनका काम नहीं चलेगा. इसे पूछने दीजिए."

आमच्या घरात रेडिओ होता, तोही बातम्यांपुरता. आणि मोठ्यांना प्रश्न विचारणं याला आम्ही उलट बोलणं म्हणत असू... मी मान हलवली आणि घरी आले.

वार्षिकाच्या तोंडीला प्रत्येकाने घरातली एक वस्तू न्यायची होती आणि तिच्याविषयी प्रश्न विचारायचे होते. उत्तरं द्यायचीच नाहीत. मी तांब्या निवडला, चिंचेने घासून लखलखीत केला. प्रश्नही मीच तयार केले... तांब्या कशाचा बनतो, तो चिंचेने का उजळतो, त्यातलं पाणी गार का राहतं. हिंदीत करून, रोज संध्याकाळी पाढ्यांनंतर शैलाकडून म्हणून घेऊ लागले.

यांनी पेपर खाली केला. "अगं, आता प्रश्नसुद्धा पाठ?"

"मग काय नापास होऊ देऊ?"

हे पुन्हा पेपरात शिरले.

तर असा तो तांब्या. पोरांच्या गर्दीत चेपला, हरवला तर दुसरा कुठला आणायचा, म्हणून मी सोबत गेले. वर्गाचं दार उघडंच होतं.

शैलाची पाळी आली आणि बहनजी म्हणाल्या, "अब अपनी चीज पडोसी को दो, और उसकी तुम लो."

माझा तांब्या शेजारच्या कमलाच्या हातात गेला. शैलाच्या हातात आली कमलाची मातीची पणती.

शैलाने जे येत होतं ते म्हटलं. दीया किससे बनता है... इथवर ठीक. मग म्हणाली, "दीया इमली से क्यों चमकता है?" वर्ग हसला. तिने दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला, पण खुणेने सांगायचं तरी काय... माझ्याजवळ सगळे तांब्याचेच प्रश्न होते.

बहनजींनी तिला घाई केली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "घर में दीया जलाते हो? बुझाता कौन है?"

"आई... कटोरी रखती है ऊपर."

खरं होतं. देवाचा दिवा आम्ही फुंकत नाही. आरतीनंतर तूप वाया जाऊ नये म्हणून मी निरांजनावर वाटी उपडी घालत असे.

शैला पणतीकडे बघत राहिली. मग हळूहळू म्हणाली, "आई फूंक नहीं मारती. पानी भी नहीं डालती. तो कटोरी के अंदर... उसको बुझाता कौन है?"

या वेळी कोणी हसलं नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "भगवानजी." कमला म्हणाली, "चल हट, भगवानजी क्यों बुझाएँगे, उन्हीं का तो दीया है." यावर मात्र बहनजीही हसल्या.

शैलाचं तिकडे लक्षच नव्हतं. "और कटोरी बडी हो तो? तब भी उतनी ही जल्दी बुझेगा?"

हा प्रश्न मी पाठ करून घेतला नव्हता... तो माझ्याजवळ नव्हताच. लग्न झाल्यापासून मी रोज ती वाटी घालत होते. वाटीच्या आत काय होतं, हे मनातही आलं नव्हतं.

शैला पास झाली. तांब्याही न चेपता घरी आला.

त्या संध्याकाळी आरती झाली. मी सवयीने वाटी उचलली तर शैला म्हणाली, "आई, थांब ना. आज मोठं पातेलं घालू."

पातेल्याखाली दिवा जास्त वेळ जळणार, म्हणजे तूपही जास्त जळणार. एरवी मी नाही म्हटलं असतं. पण मीच उठून पातेलं आणलं. एका कडेखाली उलथनं सरकवून फट ठेवली तर काय होईल, हेही तिने करून पाहिलं... आम्ही दोघी जमिनीला गाल टेकवून त्या फटीतून आत बघत होतो.

शर्मा बहनजी आता कुठे असतात, ठाऊक नाही. त्या दिवशीचं जास्तीचं तूप मी त्यांच्या नावाने जाळलं, असं धरते.