कॉलरवरचा रंग

"फक्त बटण," ब्रीडा म्हणाली. "बाकी काही त्रास घेऊ नकोस. आहे तसा ग्रँड आहे." आयरिश लोकांचं ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक'.

तिने काउंटरवर एक शर्ट ठेवला. पुरुषाचा, पांढरा, जाड सुती कापडाचा, खूप जुना. गळ्याखालचं दुसरं बटण गेलेलं. आणि कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेला लागते तिथे, या कानापासून त्या कानापर्यंत नारिंगी-तपकिरी पट्टा. माझं बोट तिथे गेलंच. दुकानात कुठलाही कपडा आला की मी आधी डाग बघते, मग गिऱ्हाइकाचं तोंड.

"आणि याचं काय?" मी विचारलं.

"ते राहू दे गं, लव्ह. तुला आधीच किती कामं आहेत."

२०१७चा उन्हाळा. आयर्लंडमधल्या नावनमध्ये माझं छोटं दुकान होतं, आल्टरेशनचं आणि डाग काढायचं. नवरा, सचिन, बसने डब्लिनला ऑफिसला जायचा. मी त्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेली, नागपूरला टेक्स्टाइल केमिस्ट्री शिकलेली बाई. सुरुवातीला घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा दुकान काढलं. पँटची उंची कमी करणं हे पोटापाण्याचं काम. डाग काढणं हे माझं काम. रेड वाइन, ग्रेव्ही, मैदानावरचं गवत, वेडिंग गाऊनवरचं फाउंडेशन. जे ड्रायक्लीनरकडून परत यायचं ते माझ्याकडे यायचं. गावात माझं नाव झालं होतं आणि ते मला भलतंच आवडायचं.

ब्रीडा माझी जुनी गिऱ्हाईक. साठीची, शाळेतून रिटायर झालेली. शर्ट तिच्या मामाचा होता. त्याचं नाव जिम. नावनबाहेरच्या शेतकऱ्याचा पोरगा अमेरिकेला गेला, न्यूयॉर्कला नाटकांत बारीकसारीक कामं केली, आणि चाळीसच्या दशकात हॉलिवूडच्या एका स्टुडिओने त्याला उचललं. तेव्हा स्टुडिओ नटांना वर्षानुवर्षांच्या करारावर ठेवायचे. म्हणजे पगारी नोकरीच. सांगतील तो पिक्चर करायचा. त्यांनी जिमचं आडनाव बदललं, पुढचे दात बदलले, बोलण्यातला गावचा हेल काढून टाकला. हीरो तो कधी झाला नाही. हीरोचा मित्र झाला. काउबॉयच्या पिक्चरमध्ये अर्ध्यात गोळी लागून मरायचा.

"पण मरायचा इतका छान," ब्रीडा म्हणाली, "की पुढच्या पिक्चरला परत बोलवायचे."

करार संपला, मग टीव्हीवर थोडं काम, मग जाहिराती, मग काहीच नाही. कॅलिफोर्नियात भाड्याच्या फ्लॅटमध्ये वारला. लग्न नाही, पोर नाही. आता इतक्या वर्षांनी नावनच्या लायब्ररीला त्याची आठवण झाली होती. छोटंसं प्रदर्शन होतं. पोस्टरं, फोटो आणि हा शर्ट.

"मॅमीला व्हीलचेअरवरून आणणार आहे," ब्रीडा म्हणाली. मॅमी म्हणजे तिची आई किटी, जिमची धाकटी बहीण. नव्वदीला टेकलेली, नर्सिंग होममध्ये असते. "तिचं डोकं आता कधी असतं, कधी नसतं. माझं नावसुद्धा विसरते. पण दर रविवारी हा शर्ट मागते. मी घेऊन जाते, ती मांडीवर घेऊन बसते. इतकी वर्षं तिनेच हॉट प्रेसमध्ये जपलाय."

हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरातलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. कपडे कोरडे राहतात. डाग मात्र उबेने पक्के होतात. ब्रीडा आईबद्दल बोलत होती आणि माझ्या डोक्यात हे चाललं होतं.

आता 'नको'बद्दल सांगायला हवं. आपल्याकडे पाहुणा नको म्हणाला की आपण आणखी वाढतो. नको म्हटल्यावर खरंच थांबलो तर घरी जाऊन तो नावं ठेवेल. आयर्लंडमध्ये आले तर इथेही तेच. चहा विचारला की आधी नको, मग छे छे उगाच त्रास, मग अर्धाच कप, आणि मग चांगले दोन कप. मला वाटलं, माहेरीच आले. त्यामुळे ब्रीडाचा 'त्रास घेऊ नकोस' मी कुठे जमा केला असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल.

त्यात सासूबाई नागपूरहून आलेल्या. घरी करमत नाही म्हणून दुकानात स्टुलावर बसायच्या. मी बटण लावून शर्टाची घडी घालायला घेतली तर म्हणाल्या, "काहून वं, असाच वापस देतं का?"

"बटणच सांगितलंय, आई."

"बटन तं कोणीबी लावते. प्रदर्शनात ठेवून राहिली ना ते बाई? लोकं म्हणतीन, हे वैशाली डाग काढते म्हणे, अन् हे काय?"

खरं सांगू, त्या बोलल्या नसत्या तरी मी तो काढलाच असता. उगाच त्यांना यात ओढू नये.

आमच्या कामात डाग आधी ओळखतात, मग हात लावतात. हा मेणचट होता. नखाने हलकेच खरवडला तर भुकटी झाली नाही, नुसता चकाकला. तेल, मेण आणि रंग. म्हणजे ग्रीसपेंट, पूर्वी नट तोंडाला आणि मानेला फासायचे तो मेकअप. कळल्यावर मला हसूच आलं. नटाचीच कॉलर ती. अशा डागाला आधी पाणी लावायचं नसतं. पाण्याने तो निघत नाही, उलट पसरतो. आधी सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारं द्रावण. खाली स्वच्छ फडकं, वरून थेंब, आणि टिपत राहायचं. घासायचं नाही, जुनं सूत लगेच फाटतं. तेल सुटलं की उरलेल्या रंगाला सौम्य साबण. शेवटी पिवळेपणासाठी अगदी पातळ ब्लीच, तेही शिवणीच्या आत तपासून. दुपार त्यातच गेली. एक धागा उसवला नाही. इतकं चोख काम माझ्या हातून क्वचित झालंय. सासूबाईंनी चष्मा लावून कॉलर बघितली आणि म्हणाल्या, "आता कसा, माणसाचा वाटते."

डाग कशाचा ते मी बरोबर ओळखलं होतं. इतकी वर्षं कुणी तो धुतला का नाही, एवढं विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी ब्रीडा आली. कागद उलगडून तिने शर्ट बाहेर काढला. बटणाकडे बघितलंच नाही. कॉलर उलटी करून बघितली, मग सरळ करून, मग परत उलटी.

"तू काढलास," ती म्हणाली.

"सगळा. आणि त्याचे पैसे नाहीत हं. माझ्याकडून भेट."

ती कॉलरवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "ग्रँड. फार मेहनत घेतलीस, वैशाली." मला वाटलं, भारावली. संध्याकाळी सचिनला मी तसंच सांगितलं.

शनिवारी प्रदर्शनाला गेले. सिल्कचा कुर्ता घालून, सासूबाईंना बरोबर घेऊन. हेही सांगून टाकते, मी कौतुक ऐकायला गेले होते. लायब्ररीत बरीच माणसं होती, गावातली, ओळखीची. मधोमध टेबलावर शर्ट पसरला होता, कॉलर वर करून. शेजारी व्हीलचेअरवर किटी, गुडघ्यांवर पांघरूण, इवलीशी. आणि ब्रीडा लोकांना त्या शर्टाची गोष्ट सांगत होती. ती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

जिम अमेरिकेतून घरी एकदाच आला होता. त्याचा एक पिक्चर लंडनला शूट होत होता, तेव्हा आई गेल्याची तार आली. सेटवरून तो तसाच विमानात बसला. चेहरा पुसला होता, मानेवरचा रंग तसाच राहिला होता. घरी अंगणात गावातली माणसं जमलेली. ती त्याची मान बघून हसायला लागली. आईच्या मयताला रंग फासून आलाय म्हणून. किटी तेव्हा विशीत होती. तिला लाज वाटली. तिने जिमला बाजूला घेऊन सांगितलं, "जा, ते धुऊन ये. असा खांद्याला येऊ नकोस."

तो घरामागच्या हातपंपावर गेला. शर्ट काढून मान घासत बसला. पुढे शवपेटी उचलायची वेळ झाली, माणसं थांबेनात. त्याच्या जागी शेजाऱ्याने खांदा दिला. वडिलांचा जुना शर्ट अडकवून जिम मागून चालत दफनभूमीपर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. पुन्हा कधी आला नाही. शर्ट पंपाच्या दांड्यावर तसाच राहिला होता.

गार पाण्याने ग्रीसपेंट निघत नाही. तिथे उभ्या असलेल्या माणसांत हे बहुतेक मला एकटीलाच माहीत होतं. तो कितीही घासत बसला असता तरी निघाला नसता.

"आणि तो रंग कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं. माणसं वाकून कॉलर बघत होती.

ब्रीडाने गर्दीत मला बघितलं होतं. तिने नजर काढून घेतली. "आता नाही," ती म्हणाली. "धुतला गेला."

तेवढ्यात किटीने हात पुढे केला. ब्रीडाने शर्ट तिच्या मांडीवर दिला. किटीने नेहमीच्या सवयीने कॉलर उलटी केली. तिथे बोट फिरवलं. मग शर्ट बाजूला सारला.

"हा जिमचा नाही."

"त्याचाच आहे, मॅमी."

"जिमचा मला माहीत नाही का? हा कुणाचा तरी आणलाय. त्याचा कुठे टाकलात?" तिचा आवाज चढला.

"मी धुतला, मॅमी," ब्रीडा म्हणाली. "चुकून धुतला. माझी चूक झाली."

किटी लेकीकडे ज्या नजरेने बघत होती ती बघवत नव्हती. आणि मी तेवढा वेळ गप्प राहिले. सिल्कचा कुर्ता घालून, हातात पर्स धरून. ज्यांनी दुकानात माझी वाहवा केली होती ती सगळी माणसं तिथे होती. शेवटी सासूबाईंनी माझा दंड धरला. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण माझं तोंड कळलं असणार.

मी पुढे गेले, व्हीलचेअरपाशी खाली बसले. "तिने नाही. मी धुतला. तिने मला नको सांगितलं होतं."

किटीने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. मला ती ओळखत नव्हतीच.

"मीच त्याला सांगितलं होतं," ती म्हणाली. "धुऊन ये म्हणून." मग तिने डोळे मिटून घेतले आणि परत त्या शर्टाला हात लावला नाही.

बाहेर दाराशी मी ब्रीडाला सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "मी नीट सांगायला हवं होतं."

"तू नीटच सांगितलं होतंस."

"हो," ती म्हणाली, "सांगितलं होतं."

घरी जाताना सासूबाईंनी विचारलं, ते बाई काय सांगत होती. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मायले खांदा नाहीच देता आला का त्याले?"

"नाही."

सचिनने रात्री जेवताना एक उपाय काढला. तसलाच रंग आणून परत लावून दिला तर म्हातारीला काय कळणार? मी त्याच्यावर खेकसले. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं की तसला रंग कुठे मिळतो ते मी आधीच फोनवर शोधून ठेवलं होतं. त्याची मला वेगळी लाज वाटली. मागवला नाही, एवढंच.

किटी त्या हिवाळ्यात गेली. प्रदर्शनानंतर तिने शर्ट एकदाही मागितला नाही, असं ब्रीडाने मला सांगितलं. मीच विचारलं होतं. तिने आपणहून सांगितलं नसतं.

दुकान अजून चालतं. आता कुठलाही जुना कपडा आला की काय काढायचं हे विचारते, आणि काय ठेवायचं हेही विचारते. गिऱ्हाइकांना गंमत वाटते. वाटू दे. चहाचा आग्रह करते, तो सुटत नाही. पण काउंटरच्या या बाजूला नको म्हणजे नको.

पुढे ब्रीडा तिचा हिवाळी कोट घेऊन आली. बाहीवर चहाचा मोठा डाग होता. मला तो काढायला फारसा वेळ लागला नसता.

"फक्त अस्तर," ती म्हणाली.

मी अस्तर लावून दिलं.