वरचं बटण

सगळे त्यांना कॉलरमास्तर म्हणत. शर्टांच्या दुकानात मागच्या बाजूला तिघे शिवायला बसत. एक बाह्या जोडी, दुसरा काजं-बटणं करी, आणि कॉलर मात्र मास्तरांकडेच जाई. त्यांनी बसवलेली कॉलर कापड विटलं तरी मान टाकत नसे. मास्तरांचा स्वतःपुरता नियम एकच होता, वरचं बटण लावलेलं हवं. उघड्या गळ्याने फिरणारा माणूस त्यांना अर्धवट शिवून सोडल्यासारखा वाटे.

बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. खोलीत एक खाट, एक मशीन आणि दोन ताटं. दुसरं ताट धुवायची वेळच येत नसे. मुलगी परगावी नोकरीला होती. दर रविवारी तिचा फोन येई. "बाबा, बरे आहात ना?" ती विचारी. "मला काय धाड भरलीय!" हे म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्यांचा बाणा. फोन ठेवल्यावर मात्र ती मूठ उघडून बघायला खोलीत कोणी नसे.

मग एके दिवशी ते वरचं बटण लागेना. दुसरा एखादा आरशात तरी डोकावला असता. मास्तर पडले शिंपी! त्यांनी कापडाला शिव्या घातल्या, धोब्याचा उद्धार केला आणि बटण थोडं सरकवून टाकलं. काही महिन्यांनी पुन्हा लागेना, पुन्हा सरकवलं. असे एकेक करून खुंटीवरचे सगळे शर्ट त्यांनी सैल केले. दाढी ते सवयीने, आरशाशिवाय करत. बायको गेल्यावर आरसा पुसायचंही राहून गेलं होतं. दिवसभर लोकांचे गळे मापायचे, टेप स्वतःच्या गळ्यात लटकलेली, पण ती एकदा आवळून बघायचं काही सुचलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

शेवटी ते पाहिलं एका बसच्या ड्रायव्हरने. गणवेशाचं माप घेताना मास्तर त्याच्या अगदी समोर उभे होते.

"मास्तर, तुमच्या गळ्यात काहीतरी वरखाली होतंय."

"कंठमणी आहे तो. तुलाही आहे."

"कंठमणी मधोमध असतो हो. हे खाली, बाजूला आहे. दाखवून घ्या."

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या संध्याकाळी मास्तरांनी आपलं आजारपण, मरण, खोलीला लागलेलं कुलूप, सगळं कापून-बेतून ठेवलं. पण खरं लागलं ते वेगळंच. गाठ दिसण्याएवढी वाढली होती आणि ती सांगायला शर्ट शिवायला आलेला परका माणूस लागला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मागे उभं राहून गळा चाचपला, घोटभर पाणी प्यायला लावलं. दुखतं का, आवाज बसलाय का, वजन उतरलंय का, तंबाखू खाता का, सगळं विचारून घेतलं.

"कॅन्सर आहे का?" मास्तरांनी एकदाचं विचारून टाकलं.

"गाठ दिसली की कॅन्सरच, असं नसतं, काका. घसा बिघडला, दात किडला तरी मानेत गाठी सुजतात आणि उतरतात. टीबीची असते, लाळेच्या ग्रंथीत खडा अडकलेला असतो, नुसती चरबीचीही असते. तुमची गिळताना वर सरकतेय, म्हणजे बहुतेक थायरॉइडची. त्यातल्या पुष्कळशा साध्या निघतात. पण सगळ्याच नाही, म्हणून सोनोग्राफी करू, सुई घालून तपासू. चोळू नका, शेकू नका. कधीपासून आहे?"

"माहीत नाही."

"घरात कोणी काही बोललं नाही?"

"घरात मीच असतो."

मास्तरांनी खाली पाहिलं, आणि कॉलरवर बोट ठेवलं. बटणाशेजारी जुन्या दोऱ्याची भोकं होती. "हे सरकवलं तेव्हा शाळांच्या गणवेशांची घाई होती. हे थंडीत. हे परवा."

"म्हणजे वर्षभर, हळूहळू," बाई म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत. सुईच्या दिवशी सोबत कोणाला तरी आणा."

त्या दिवशी मास्तर एकटेच गेले. नर्सने विचारलं तेव्हा "मुलगी येतेय" म्हणून मोकळे झाले, आणि थाप खरी वाटावी म्हणून शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. गर्दी वाढली. एक म्हातारी भिंतीला टेकून उभी राहिली. "इथे कोणी आहे का हो?" तिने विचारलं. "येतेय," मास्तर म्हणाले. म्हातारी उभीच राहिली. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "बसा. कोणी येत नाहीये." सुईपेक्षा ते वाक्य जास्त टोचलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट मिळाला, गाठ साधी निघाली. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची, एवढंच. जीव भांड्यात पडला आणि मास्तर रस्त्यावर आले. आता ही बातमी सांगायची कोणाला? ड्रायव्हर शर्ट न्यायला पुढच्या आठवड्यात येणार होता. ते खोलीवर आले, खाटेवर बसले आणि त्यांनी मुलीला फोन लावला. बुधवार होता.

"बाबा? आज कसा फोन? काय झालं?"

"आता काही नाही," म्हणून त्यांनी सगळं सांगितलं, बटणापासून रिकाम्या खुर्चीपर्यंत.

मग ती रडतच बोलली, "आईच्या वेळीही तुम्ही 'सगळं ठीक आहे' म्हणत राहिलात. मी आले तेव्हा आई बोलत नव्हती. पुन्हा तेच करणार होतात?"

"चुकलो," ते म्हणाले.

"व्हिडिओ लावा. गळा दाखवा."

त्यांनी वरचं बटण काढलं.

"दिसत नाही. खिडकीपाशी या. अजून जवळ." ती बघत राहिली. "गाठीचं राहू द्या. तुम्ही किती वाळलात, बाबा!"

मास्तर डोळे पुसून फोन खाली ठेवायला लागले.

"हलू नका," ती म्हणाली. "मला अजून बघायचंय."

मास्तर उजेडात तसेच उभे राहिले, उघड्या गळ्याने.