बायजाने कारखाना पाहिला

ठाण्याजवळच्या बाळकुमच्या बायजाला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि कागदावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. त्याला कारण होते. तिचा नवरा काळुराम मिठागरात वाटेकरी होता. लढाईच्या दिवसांत एक मुकादम कागद घेऊन आला, रेशनच्या धान्यासाठी नावे लिहितो म्हणाला, आणि काळुरामाने अंगठा उठवला. धान्य काही आले नाही. पुढच्या हंगामात मात्र कळले की मिठागरातला आपला वाटा आपणच सोडून दिला आहे. काळुराम दोन वर्षांत गेला. ज्या आगरात तिचे घर वाट्याचे धनी होते, तिथेच बायजा रोजाने मीठ ओढू लागली. तेव्हापासून घरात कागद आला, की आधी ती तो उलटा करून पाही. पाठीमागे काही लिहिलेले आहे का, हे तिला आधी हवे असे.

बुधवार, सोळा फेब्रुवारी १९५५ रोजी पोस्टमनने तिच्या दारात एक लांबट लिफाफा दिला. तिचा मुलगा आनंदा पाड्यातला पहिला मॅट्रिक. पास होऊन आठ महिने तो घरी बसून होता. त्याने लिफाफा फोडला, एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि ओरडलाच.

"आये, नोकरी लागली! पोखरण रस्त्याच्या रंगाच्या कारखान्यात. गोदामाचा कारकून!"

बायजा भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही.

"तुला कनी बगला तिकडं?"

"बघायला कशाला पायजे? मी अर्ज केलेला ना."

"म्हंजे तुला न बगताच मागनी घातली." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पोर न बगता जो मागनी घालतो, त्याच्या घरात कायतरी खोट असते."

"मी काय पोरगी हाय का?"

"मंग त्यांच्या घरी नांदायला कोन चाललाय? मी का तू?"

दहा दिवसांत लेखी होकार द्या, असे पत्रात होते. आनंदा त्याच दुपारी होकार पोस्टात टाकायला निघाला. बायजाने त्याला अडवले. मागणी आल्याबरोबर हो म्हणणारे घर हलके समजतात, चार दिवस तरी जाऊ द्यायचे असतात, ही तिच्या समाजातली रीत. ती तिने नोकरीलाही लावली. आनंदाने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी डोईवर मिठाची पाटी घेऊन ती ठाण्यात भाऊंच्या घरी गेली. प्रभाकर हे त्यांचे नाव, पण सारी आळी त्यांना भाऊ म्हणे. कचेरीत तीस वर्षे कारकुनी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. बायजा त्यांच्याकडे वीस वर्षे मीठ घालत होती. मीठ मापून झाल्यावर तिने कनवटीचा लिफाफा काढून त्यांच्यापुढे धरला.

भाऊंनी चष्मा लावून पत्र वाचले. "अगं बायजा, पेढे वाट. चांगली जागा आहे. सोबतच्या नकलेवर आनंदाने सही करायची, ती पाठवून द्यायची, आणि एक मार्चला मॅट्रिकचा दाखला घेऊन हजर व्हायचं. दाखला कचेरीत जमा राहील."

"जमा म्हंजे?"

"म्हणजे त्यांच्याकडे ठेवतील."

"आनि परत कदी देतील?"

भाऊंनी पत्र पुन्हा पाहिले. "ते लिहिलेलं नाही. पण बायजा, असतात अशा अटी. सगळेच देतात."

"सगलेच देतात," बायजा म्हणाली, आणि लिफाफा पुन्हा कनवटीला लावला. "आमच्या धन्यालाबी मुकादम असाच बोललेला."

शनिवारी ती आनंदाला न सांगता कारखाना पाहायला गेली. मुलगी द्यायची तर आधी घर पाहावे, आणि घर पाहायचे तर ओटीवरच्या माणसांना नव्हे, मागल्या दारच्या बाईला विचारावे, हे तिला ठाऊक होते. फाटकासमोरच्या झाडाखाली तिने मिठाची पाटी मांडली. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे हात पाहिले. कुणाचे कोपरापर्यंत निळे, कुणाचे तांबडे. कारकुनांचे हात स्वच्छ होते. ते तिला बरे वाटले. पण सारी कोवळी पोरे असून एकही हसताना दिसेना. ते तिला खटकले.

दुपारी झाडलोट करणारी तुळसा नावाची बाई बाहेर आली. बायजाने तिला ओंजळभर मीठ दिले, आणि मग विचारले, "पगार येलेवर देतात?"

"देतात बाय. खोटं कनाला बोलू?"

"मारझोड, शिवीगाळ?"

"कारकुनांना नाय."

"मंग पोरं टिकत असतील."

तुळसा हसली. "टिकतात म्हंजे? जातील कुठं? दाखले आत कपाटात हायेत ना! मागल्या साली एका पोराला रेल्वेचं बोलावनं आलेलं. दाखला दाखवायला मागितला, तर सायब बोलला, उद्या ये. उद्या उद्या करत रेल्वेची तारीख गेली. पोर अजून आतच हाय."

बायजाने पाटी उचलली. आपल्याला वाटले तेच निघाले, याचा तिला आनंद झाला नाही. वाटेत ती एकदाही थांबली नाही.

संध्याकाळी घरात भांडण झाले. आनंदाचा आवाज चढला. "आठ महिने मी बसून हाय. पुन्हा कोन बोलावनार मला? तुझ्या संशयापायी माझी नोकरी जाईल, आये!"

"नाय बोलायला सांगत नाय मी. पन तुझ्याकडं एकच कागद हाय, पोरा. तो गेला, की तुझाबी अंगठाच उरला."

आनंदा बाहेर जाऊन बसला.

सोमवारी दोघे भाऊंकडे गेले. तुळसाची गोष्ट ऐकून भाऊंनी कारखान्याचे पत्र पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाले, "पण कारकून अटी घालत नसतो, बायजा. साहेबाला राग येईल, जागा दुसऱ्याला देतील."

"अटी नाय वो. सोयरीक करताना इचारतात, तसं इचारायचं. तुमी इचारलेलं का, तुमच्या येलेला?"

"मी?" भाऊ दौतीचे झाकण काढता काढता थांबले. "मी त्याच दिवशी हो लिहून टाकलं होतं."

त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिले आणि मराठीत सांगितले. नेमणुकीबद्दल आभारी आहे. जागा मान्य आहे. अस्सल दाखला हजर होताना दाखवीन, मात्र कचेरीत ठेवण्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची नक्कल देईन. हे चालत असल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे सोबतच्या कागदावर सही करून पाठवतो.

"खाली काय लिवलं?" बायजाने बोट ठेवले.

"आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. रीत आहे ती."

"अजून चाकरीला लागला नाय, तर सेवक कसा? ते काढा."

"आये!" आनंदा म्हणाला. पण भाऊंना हसू आले. त्यांनी कागद पुन्हा लिहून काढला, आणि शेवटी नुसते 'आपला' लिहून आनंदाची सही घेतली. पत्राची एक नक्कल घरी ठेवायला दिली आणि पत्र रजिस्टर करून, पोच मागवून टाकायला सांगितले.

पोच आली. उत्तर आले नाही. शनिवार, सव्वीस तारीख, दहावा दिवस, तसाच गेला. आनंदा आईशी बोलेनासा झाला आणि सोमवारी फळी घेऊन तिच्या शेजारी मीठ ओढायला उतरला. मॅट्रिक झालेला पोरगा आगरात उतरला म्हणून बायका कुजबुजल्या. बायजाने मान वर केली नाही. रात्री मात्र तिला झोप येईना. मुकादमाने फसवले तेव्हा दोष मुकादमाचा होता. आता दोष कुणाचा, हे तिला कुणी सांगायला नको होते.

मंगळवारी, एक मार्चला, उत्तर आले. नक्कल चालेल. अस्सल दाखला पाहून त्याच दिवशी परत करण्यात येईल. सोमवारी, सात तारखेला हजर व्हावे. आनंदाने ते वाचून दाखवले, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"इतक्या सहज ऐकलं त्यांनी?" बायजा म्हणाली. "मंग आधी कनाला मागितला?"

आनंदाने सही केली. सोमवारी तो धुतलेला सदरा घालून निघाला, तेव्हा बायजा पाटीशिवाय त्याच्या मागे चालत आली. तो लाजला, पण चालत राहिला. तो आत गेला आणि ती फाटकाशी बसली. पहारेकऱ्याने दोनदा हटकले. ती हलली नाही. अकराच्या सुमारास आनंदा घाईघाईने बाहेर आला आणि फाटकाच्या गजांतून त्याने दाखला तिच्या हातात दिला.

तिने तो उलटा करून पाहिला, मग सुलटा केला, आणि परत त्याच्यासमोर धरला.

"वाच. नाव तुझंच हाय ना?"

"माझंच हाय, आये."

"सगलं वाच."

त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. मग तिने कागदाची घडी घातली, पदरात बांधली, आणि ती बाळकुमच्या वाटेला लागली.