अशक्तपणाचं सलाईन

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर काही महिने मी नाशिकमधल्या एका संशोधन प्रकल्पासाठी मुलाखती घेत होते. स्तनाचा कर्करोग तोच, औषधं तीच, तरी खेड्यातल्या बायका शहरातल्या बायकांपेक्षा कमी का जगतात, हा विषय होता. उत्तर छापील प्रश्नावलीतून मिळेल, असा सगळ्यांचा विश्वास होता. आम्ही फक्त प्रश्न वाचायचे आणि उत्तरं लिहायची. सल्ला द्यायचा नाही. बातमीदाराला हे जड जात नाही.

देवळ्याजवळच्या एका गावात पत्ता शोधत पोचले, तेव्हा फाटकाशी रुग्ण बाईंचे थोरले दीर उभे होते. घरात नेण्याआधी त्यांनी मला कांद्याच्या चाळीच्या आडोशाला नेलं.

"मॅडम, तिला साधी गाठ म्हणून सांगितलंय. तो शब्द काढायचा नाय."

"संमतीपत्रावर तो पहिल्याच ओळीत आहे."

त्यांनी कागद मागून घेतला, पहिली ओळ मागे दुमडली, घडीवरून नख फिरवलं आणि परत दिला. "आता नाय."

नियमाप्रमाणे मी तिथूनच परतायला हवं होतं. परतीची एसटी दोन तासांनी होती. मी आत गेले.

बाईंचं ऑपरेशन झालं होतं. पुढच्या सहा केमोंपैकी तीन झाल्या होत्या. हे अशक्तपणाचं सलाईन आहे, असं घरच्यांनी त्यांना सांगितलं होतं. केस गेले ते औषध उष्ण पडलं म्हणून. दवाखान्याची पाटी दिसू नये म्हणून रिक्षा मागच्या फाटकाने नेत. इतकं चोख नियोजन मी निवडणूक निकालाच्या दिवशीही पाहिलेलं नाही. त्यात अडचण एकच आली होती. चौथ्या केमोची तारीख उलटून आठवडा झाला होता आणि बाई जायला तयार नव्हत्या.

"अशक्तपणा होता तोवर गेले," त्या म्हणाल्या. कांदे निवडणारा हात थांबला नाही. "आता घरातलं सगळं करते. मग सलाईन कशाला?"

"डॉक्टर म्हणले, या," नवरा भिंतीकडे बघत म्हणाला.

"डॉक्टर म्हणणारच. तुम्ही सांगा ना, कशाला?"

"ताकद येती."

"मग तुम्हीच घ्या लावून. सकाळपास्नं बसलेच हाय."

दीर हसले नाहीत. खोटं त्यांनीच रचलं होतं आणि बाईंनी ते तंतोतंत खरं मानलं होतं. 

मी प्रश्न वाचायला लागले. ज्यांत तो शब्द होता असे तीन, दिरांकडे बघून, गाळले. नवव्या प्रश्नाशी आले आणि तो मात्र वाचला. "आपल्याला कर्करोग झाल्याचे प्रथम कोणी सांगितले? डॉक्टर, पती, नातेवाईक की इतर?"

हात थांबला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो उठला आणि परत बसला.

"म्हंजे हे ते हाय?"

दिरांनी टोपी काढून हातात घेतली.

"दादा, तुम्ही तर गरम पडलं म्हणले."

"घाबरली असती तू," दीर म्हणाले.

"घाबरले असते. पण गेले असते ना." मग माझ्याकडे वळून, "सलाईन नाय घेतलं तर काय होतं, ताई?"

"आजार परत येऊ शकतो," मी म्हणाले. हे प्रश्नावलीत नव्हतं.

त्यांनी हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याला विचारलं, "उद्या पहिली गाडी कितीची हाय?"

नवव्या प्रश्नापुढे मी 'इतर' वर खूण केली. कोणताही प्रश्न वगळण्याचा मला अधिकार नव्हता, असं सोबतच्या टिपणात लिहिलं. ते खरं होतं. त्याच दुपारी तीन वगळले होते, हे लिहिलं नाही. आठवड्याने प्रकल्पाच्या कार्यालयातून फोन आला: मुलाखत घेणाऱ्याचा प्रभाव पडल्याने हा फॉर्म रद्द. निर्णय शास्त्राला धरून होता. त्यामुळे उपचार सोडणाऱ्या बायकांत या बाई मोजल्या गेल्या नाहीत, आणि पूर्ण करणाऱ्यांतही नाहीत.

त्यांच्या सहाही केमो झाल्या, हे मला पुढे काही महिन्यांनी दिरांच्याच फोनमुळे कळलं. केस परत यायला लागलेत, असंही ते म्हणाले. मग मुद्द्यावर आले.

"माझ्या मेव्हण्याला घशाचं निघालंय. त्याला ॲसिडिटी सांगितलीय. आता रेडिएशनचा शेक घ्यायला नाय म्हणतो."

"तुम्ही सांगा की त्यांना."

"घरच्या माणसानं कसं सांगायचं, मॅडम? तुम्ही फॉर्म घेऊन या."

प्रकल्प संपल्याचं आणि फॉर्म परत दिल्याचं मी त्यांना सांगितलं.

"कागद कुठलाबी चालंल," ते म्हणाले. "त्याला वाचता येत नाय."