बादलीतली अंडी

लढाईच्या दिवसांत, जबलपूरच्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये मी एकच हट्ट धरला होता. कोंबड्या पाळायच्या, आणि त्याही पार्सलने मागवलेल्या अंड्यांतून. आमच्या ह्यांना ते काही केल्या पटेना. "सदर बाजारात टोपलीभर जिवंत पिल्लं मिळतात. चालताना दिसतात. अंड्यात काय आहे ते काय तुला दिसून राहिलं?" अहो, त्या बाजारातली पिल्लं आदल्या वर्षी आणलीच होती ना! अर्धी माना टाकून मेली, उरलेले सगळे कोंबडे निघाले. मी म्हटलं, "यंदा माझं ऐका. नाही जमलं तर पुन्हा कोंबडीचं नाव काढणार नाही."

आगगाडीतून लाकडाच्या भुशात बसून अंडी आली. शेजारणीची खुडूक कोंबडी मागून आणली आणि मोरीजवळच्या खोक्यात त्यांच्यावर बसवली. येता-जाता बायका विचारायच्या, "क्यों दीदी, पार्सल से बच्चे हुए क्या?" हसा मेल्यांनो, हसा. रात्रंदिवस माझा जीव त्या खोक्यात अडकलेला.

पिल्लं फुटायला दोन-तीन दिवस उरले असतील. मी त्यांच्यासाठी कणी आणायला अधारतालच्या बाजारात गेले. परत येते तर कोंबडी अंगणभर ओरडत फिरते आहे, आणि रात्रपाळी करून आलेले हे बनियनवर उभे, तोंडभर हसत.

"वाचवलं तुला," म्हणाले. "अंडी टॉर्चवर धरून पाहिली. अर्धी आतून काळीकुट्ट, सडलेली. घरात फुटली असती म्हणजे? ती सगळी रिजेक्ट केली. चांगली तेवढी ठेवली."

"कुठे टाकली?"

"बादलीत."

ह्यांचं काम फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या टोप्या, म्हणजे गोळा पेटवणाऱ्या दारूच्या कॅपा, तपासायचं. जरा काळा डाग दिसला की टोपी नापास, आणि नापास टोपी लगेच पाण्यात, म्हणजे ती उडत नाही. वर्षानुवर्षं हाताला तेच वळण. घरातही तेच केलं.

मी मोरीकडे धावले. थंडीचे दिवस, बादलीत बर्फासारखं पाणी, त्यात माझी अंडी तरंगत होती. पाणी शांत होतं, आणि एक अंडं आपलं आपण डोलत होतं. अगं बाई!

"अहो, काळं म्हणजे पिल्लू! आत पिल्लू भरलं की काळंच दिसतं! काहून हात लावला तुम्ही? काहून?" मी किंचाळत होते, रडत होते, एकेक अंडं काढून पदराला पुसत होते. एकाच्या आतून टकटक झाली. बाकीची गार. कानाला लावली, हलवून पाहिली, तळहातात धरून बसले. काही नाही. ते एक तेवढं कोंबडीखाली सारलं.

ह्यांना अजून खरं वाटेना. त्यांनी पास केलेलं एक अंडं उचललं आणि वाटीत फोडलं. आत नुसतं पाणचट बलक. दुसरं फोडलं. तेच. तिसरं फोडलं. तेही तसंच. चांगली म्हणून ठेवलेली सगळी वांझ होती.

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि गिळल्या. वाटीकडे बघत हे उकिडवे बसले होते, ओठ पांढरे पडलेले.

"ज्यात जीव होता ते बुडवलं, पोकळ ते पास केलं," म्हणाले. "मग तिकडे मी काय पास करून राहिलो गं?"

फॅक्टरीतला माल तेव्हा गाड्या भरभरून सरहद्दीवर जात होता. त्याच्या भरवशावर कोणाकोणाची पोरं तिथे उभी होती. मी वाटी उचलून मोरीत ओतली. संध्याकाळी भोंगा झाला, तसे हे उठले आणि सायकल घेऊन कामावर गेले.