दुखत नाही म्हणणारा जळबा

कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर पाणी वाटणारा थोटा जळबा त्या रस्त्याच्या सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. डाव्या हाताच्या बोटांत चार गिलास धरून येतो आणि थेंब सांडत नाही. उजवा हात कसा गेला म्हणून कुणी विचारलं तर कधी रेल्वे सांगतो, कधी उसाचा चरक. खरं सांगितलं की लोक त्यालाच येडा म्हणतात. मी त्याच्या वर्गात होतो, त्यामुळं मला तो थापा मारत नाही.

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं तालीम होती. बौद्धवाड्यातल्या पोरांनी तिच्या मातीत पाय ठेवायचा नाही, असा गावाचा रिवाज. जळबा लहानपणी भिंतीच्या फटीतून कुस्त्या बघायचा आणि हाकलला की घरी यायचा. आम्ही नववीत गेलो त्या साली, म्हणजे शहात्तरला, शाळेत पीटीला हिरासिंग सर आले. फौजेतला माणूस. त्यांनी मैदानात मल्लखांब रोवला आणि आम्हाला उंचीप्रमाणं एका रांगेत उभं केलं. कोण कुठल्या वाड्यातला, हे विचारलं नाही. जळबा सगळ्यांत उंच, म्हणून रांगेत पहिला. त्याला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून सर म्हणतील ती पूर्व दिशा.

नववी-दहावीत पीटीचा तास म्हणजे आम्हाला गणितातून सुटका. जळबाचं उलटं होतं. तो पीटीसाठीच शाळेत यायचा आणि गणित सोसायचा. सरांनी त्याला सांगितलं होतं, दहावी झाली की शारीरिक शिक्षणाच्या मास्तरकीचा कोर्स असतो, निवड धावण्यावर आणि मल्लखांबावर होते, तुझं नाव मी स्वतः पाठवतो. मग काय, जळबाला जागेपणी पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट आणि गळ्यातली शिटी दिसायला लागली. त्याची आई मालनबाई हळद शिजवायच्या कढईवर मजुरीला जायची, बाप आधीच गेलेला. पोराच्या खांबाला तेल लागतं म्हणून तिनं बांधाबांधानं एरंड्या वेचल्या आणि घाण्यावरून एरंडेल काढून आणलं. पोरगं मास्तर होणार, यापलीकडं तिला काही नको होतं.

सरांचा एक नियम होता. पडा, गुडघे फुटू द्या, तोंडातून आवाज काढायचा नाही. "दुखता है बोलणारा माझ्या रांगेत नको," असं ते रोज म्हणायचे. आम्ही पाठ फिरली की त्यांच्या नावानं बोटं मोडायचो. जळबानं मात्र तो नियम काळजात घातला. मला तो नियम तेव्हाही पटला नव्हता. आता तर त्याचा संताप येतो.

दहावीच्या प्रात्यक्षिकाची तयारी चालू असताना जळबा खांबावरून निसटला आणि उजव्या हातावर पडला. मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज आम्ही ऐकला. जळबानं हूं की चूं केलं नाही. सरांनी आमच्याकडं बघून त्याची पाठ थोपटली. मालनबाईनं त्याला सोनाजीकडं नेलं. सोनाजी पंचक्रोशीतला हाडं बसवणारा, पैसा घ्यायचा नाही, पट्टी सुटल्यावर नारळ तेवढा घ्यायचा. त्यानं हळद-चुन्याचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि दोरीनं आवळून बांधलं. त्याच्या घराण्याचा दंडक असा, की अमावास्या उलटल्याशिवाय पट्टी सोडायची नाही, आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर हाड पुन्हा धरत नाही. गावात सगळे तो दंडक मानायचे. आमच्या घरातही मानायचे.

पहिले दोन दिवस जळबा रात्रंदिवस दात आवळून बसला. बोटं सुजून वांग्यासारखी झाली. मालनबाई म्हणाली, जरा सैल करू. जळबानं हात मागं घेतला. हाड वाकडं धरलं तर निवडीचं काय, असं तो म्हणाला. ती बिचारी शाळेत सरांकडं गेली. सरांनी तिला समजावलं, की सूज म्हणजे आत रक्त काम करतंय, काळजी करू नका. आणि प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर जळबाला उभा करून म्हणाले, मर्द असा असतो.

तिसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं. एकदम थांबलं. जळबा हसत शाळेत आला, बोटाला टाचणी टोचून आम्हाला दाखवली, त्याला काही जाणवत नव्हतं. आम्ही म्हणालो, सोनाजीच्या हाताला गुण आहे. हात मरतोय, हे ओळखणारा आख्ख्या गावात एकही शहाणा निघाला नाही, आणि एरवी आमच्या गावात शहाण्यांना काय तोटा होता? बोटं काळी पडत गेली तर लोक म्हणाले, लेपाचा रंग असेल. वास यायला लागला तर म्हणाले, हळद आंबली असेल.

अमावास्या उलटली. मालनबाई नारळ घेऊन सोनाजीच्या दारात बसली. सोनाजीनं पट्टी सोडली आणि हात बघितला. नारळाला त्यानं हात लावला नाही.

हिंगोलीच्या डॉक्टरनं कोपराच्या वरून हात काढला. विष वर चढलं होतं, दुसरा इलाज नव्हता. पोरगं वाचलं हेच पुष्कळ, असं तो म्हणाला.

मी आणि हिरासिंग सर बसनं भेटायला गेलो. जळबा खाटेवर पडला होता. सरांना बघून तो उठून ताठ बसायला लागला, तोल गेला, आईनं सावरलं. मग तो म्हणाला, "सर, मी एकदाबी दुखतं म्हनलो न्हाई. माईला इचारा."

सरांनी मान खाली घातली. मालनबाईनं घातली नाही.

"व्हय मास्तर," ती म्हणाली. "न्हाई म्हनलं लेकरू. एकदा जरी म्हनलं असतं, तर म्या ती दोरी दातानं तोडली असती."